घोरावाडीचा घाना, लोणावळ्याचा लेसोथो

पुणे-लोणावळा लोकलच्या वाटेवर पुणे धरून १७ स्टेशनं. मावळातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी या स्टेशनांवरून वर्गासाठी खेळ काढला आहे. बाकांची गाडी करायची, एकाने मोटरमन व्हायचं आणि जे स्टेशन येईल त्याच्या पहिल्या अक्षराचे देश बाकीच्यांनी ओरडायचे. एकदा घेतलेला देश पुन्हा चालत नाही. बाईंचे मामा पवन मावळात पॉलिहाऊसमध्ये गुलाब लावतात, आणि त्यांना हा खेळ मुळीच पसंत नाही. जानेवारी सरताना, फुलांच्या ग्रेडिंगच्या टेबलाशी उभ्या उभ्या दोघांचं जे जुंपलं ते मी ऐकत होतो. माझा कल भाचीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. मामांचे मुद्दे मात्र जड आहेत.

भाची: मामा, एकदा वर्गात येऊन तर बसा. बेगडेवाडी आली की पोरं नुसती तुटून पडतात. बेल्जियम, बेलारूस, बेनिन, बेलीझ! नुसता ब नाही, मात्रेसकट जुळवतात.

मामा: आणि त्यातून त्यांना कळलं काय? बेल्जियम युरोपात, बेनिन आफ्रिकेत, बेलीझ तिकडे मध्य अमेरिकेत. यांना जोडतं काय, तर एक मात्रा. उद्या कोणी म्हणालं, तळेगाव, तुंग आणि तिकोना एका अक्षराचे म्हणून एका पिशवीत घाला, तर चालेल का? तिकोन्यावरून तुंग समोर दिसतो, दोन्ही किल्ले पवनेच्या खोऱ्यावर नजर ठेवायला आहेत, म्हणून ते जोडीचे. तळेगावचा त्यांच्याशी संबंध बाजाराचा. पोरांना हे सांगायचं की त वरून त?

भाची: हे सांगतेच. पण तुंग-तिकोना पोरांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांना अक्षराची गरज नाही. जगाचं तसं नाही. 'देशांची नावं सांगा' म्हटलं की काय येतं? अमेरिका, चीन, पाकिस्तान, जपान, दुबई. दुबई देश नाही हे सांगण्यात पाच मिनिटं जातात. त्यापुढे गाडी सरकत नाही. १९३ देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत आणि आमची पोरं, खरं तर आमचे शिक्षकसुद्धा, पंधरा-वीस नावांवर जन्म काढतात. अक्षर आलं की ज्या देशाची कधी बातमी येत नाही त्याचाही नंबर लागतो. घोरावाडीला पोरं अडली. घ चा देश कोणता? एकच निघाला, घाना. त्या दिवसापासून घाना कुणी विसरलेलं नाही.

मामा: खडकीला काय करता?

भाची: गाडी थांबवत नाही. ख चा देशच नाही. लोणावळ्याच्या पुढे खंडाळ्याला गेलं तरी नाही. छ, ठ, ढ, ध यांच्या वाट्यालाही कोणी नाही. ळ ची तर गोष्टच नको. मावळचा शेवट ळ, नेपाळचाही ळ, पण ळ ने सुरू होणारं कोणी नाही.

इथे मामा हसले, पण हार मानणाऱ्यातले ते नव्हेत. खालून कात्रीने दांडे सारखे करत त्यांनी आपली बाजू लावून धरली. त्यांचं म्हणणं असं, की भूगोल म्हणजे यादी नाही; भूगोल म्हणजे एका गोष्टीमुळे दुसरी गोष्ट का होते ते.

मामा: लोणावळ्यात पाऊस पडतो. त्यातला एक थेंब कुरवंड्याच्या बाजूला पडला तर इंद्रायणीत जातो, तुळापूरला भीमेला मिळतो, पुढे कृष्णा, आणि थेट बंगालचा उपसागर. त्याच्या शेजारचा थेंब कड्यावरून पलीकडे घरंगळला तर उल्हासमधून अरबी समुद्रात. एका डोंगराच्या दोन अंगांना दोन समुद्र. वर टाटांनी वळवणला धरण बांधून पूर्वेकडे निघालेलं पाणी पश्चिमेला खोपोलीत सोडलं, १९१५ पासून त्याची वीज होते. हा भूगोल! यात अक्षर कुठं येतं? निसर्गाला बाराखडी येत नाही पोरी.

भाची: माणसांना येते ना. आणि देश निसर्गाने नाही केले, माणसांनीच केले. म्हणून देशांच्या बाबतीत अक्षरावरून भांडणंसुद्धा झालीत.

मामा: अक्षरावरून?

भाची: अगदी. युगोस्लाव्हिया फुटल्यावर मॅसेडोनिया वेगळा झाला. ग्रीस म्हणाला, मॅसेडोनिया हे आमच्या प्रांताचं नाव, तुम्हाला ते लावता येणार नाही. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला 'पूर्वीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया' अशा लांबलचक तात्पुरत्या नावाने घेतलं. आता बसवायचं कुठं? तिथं सगळे इंग्रजी वर्णक्रमाने बसतात. एम मध्ये बसवलं तर ग्रीस चिडणार. शेवटी नावाच्या आधीचा जो 'द' आहे, त्याचा टी धरला आणि थायलंडच्या शेजारी खुर्ची टाकली. पंचवीसेक वर्षं तो देश तिथं बसला. २०१९ मध्ये 'उत्तर मॅसेडोनिया' असं नाव ठरलं तेव्हा खुर्ची हलली.

मामा: म्हणजे आपल्या ग्रामसभेच्या वरताण.

भाची: आणि ग्रामसभेपेक्षा एका बाबतीत बरं. तिथं पहिली खुर्ची कोणाची, यासाठी दरवर्षी चिठ्ठी काढतात. ज्याचं नाव निघेल तो पहिला, त्याच्यापुढे वर्णक्रम. मोठा देश पुढे, लहान मागे, असं नाही. सैन्य मोजत नाहीत, पैसा मोजत नाहीत.

मामा: पण वर्णक्रम इंग्रजीचा! मग ते आंधळं कसं? आंधळं म्हणून दाखवायचं आणि काठी एकाच्या हातात द्यायची.

हा मुद्दा मला मामांचा सर्वांत भारी वाटला. भाचीलाही वाटला असावा, कारण तिने तो उडवून न लावता पुढे ओढला. ऑलिंपिकच्या संचलनात ग्रीस सर्वांत पुढे आणि यजमान सर्वांत शेवटी असतो. मधले देश यजमानाच्या भाषेच्या क्रमाने येतात. १९८८ मध्ये सोलला कोरियन लिपीने क्रम लावला, तर ग्रीसच्या पाठोपाठ आला घाना, घोरावाडीवाला! २००८ मध्ये बीजिंगला चिनी चित्राक्षरांत किती फराटे आहेत ते मोजून रांग लावली. टोकियोला जपानी अक्षरमालेमुळे आइसलँड आणि आयर्लंड पुढे सरकले. कुणाची लिपी, त्यावर कोण कुणाच्या शेजारी उभा राहतो ते ठरतं.

आपल्या लिपीत लावून पाहिलं तर गंमत आणखी वाढते. इंग्रजीत क्यू या अक्षरावर कतार एकटाच बसलेला असतो. मराठीत तो क च्या भरल्या घरात येतो. तिथं कॅनडा, कुवेत, क्युबा, कंबोडिया, कझाकस्तान, कोस्टा रिका असा गोतावळा आहे. इंग्रजीतल्या सी चं आपल्याकडे मात्र विभाजन होतं. चिली आणि चीन चिंचवडला उतरतात, कॅमेरून कान्ह्याला, सायप्रस स मध्ये जातो आणि झेक तर झ मध्ये, झांबिया-झिंबाब्वेच्या पंगतीला. जपान, जर्मनी आणि जिबूती इंग्रजीत तीन निरनिराळ्या अक्षरांवर आहेत, मराठीत तिघे ज चे. झिंबाब्वे एरवी कायम शेवटचा; आपल्या क्रमात तो मध्येच कुठेतरी लागतो आणि दार ओढून घ्यायचं काम होंडुरासकडे जातं. आणि भ चे देश दोनच, भारत आणि भूतान, तेही एकमेकांचे शेजारी. अक्षर आणि नकाशा यांचं एकमत झाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. (मळवली स्टेशनात पोरं मलावी म्हणून ओरडतात तेव्हा बाईंना ते उत्तर आहे की उच्चारातली चूक, हे क्षणभर कळत नाही म्हणे.)

मामा: हे सगळं ऐकायला गोड आहे. पण मी तुला माझ्या धंद्यातलं सांगतो. हे बघ, हा 'टॉप सिक्रेट'. लाल फुलात याला मागणी. डिसेंबरात कटिंग-बेंडिंग केलं की दीड महिन्यात फूल हाताशी. व्हॅलेंटाइनचा परदेशी माल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आत निघायला लागतो, मागून येणारं फूल देशातल्या बाजाराला. तर परदेशी बाजारात आम्हाला नडतं कोण? नावं घे. केनिया, इथिओपिया, कोलंबिया, इक्वेडोर.

भाची: थांबा मामा! केनिया, कोलंबिया... क. इथिओपिया, इक्वेडोर... इ. जोड्या लागल्या की!

मामा: लागल्या. आणि याच जोड्यांनी तू पोरांना फसवणार. केनिया आणि कोलंबियाला गुलाब क मुळे येतो का? विषुववृत्त आहे तिथं. दिवस बारा तास, वर्षभर. थंडीत दिवस आखडत नाही, उन्हाळ्यात ताणत नाही. आणि उंची बघ. बोगोटा २,६०० मीटरवर. इक्वेडोरमधलं कीटो २,८५० च्या आसपास. इथिओपियाचं अदिस अबाबा २,३०० च्या वर. केनियात नैवाशा तळ्याच्या काठी फुलांची शेती आहे, तेही १,८०० च्या पुढे. डोक्यावर सरळ ऊन आणि रात्र गार. फूल सावकाश वाढतं, म्हणून कळी मोठी आणि दांडा लांब. आपलं लोणावळा सहाशे-सव्वासहाशे मीटर, आणि आपण विषुववृत्तापासून पावणेएकोणीस अंश वर. आपल्याला हिवाळ्यातले तीन-चार महिने मिळतात, बाकी उन्हाशी आणि पावसाळ्यातल्या भुरीशी मारामारी. या चौघांना जोडणारी गोष्ट आहे उंची. अक्षरं जुळली हा निव्वळ योगायोग.

मामा बरोबर होते, आणि असं बरोबर असणं भाचीला फारसं खुपलंही नाही. तिने वहीत चार देश आणि चार उंच्या उतरवून घेतल्या. तिचा पुढचा प्रश्न मात्र नेमका होता.

भाची: हे तुम्हाला कसं कळलं?

मामा: धंद्यात पडलो म्हणून. भाव पडला की माणूस विचारतो, कुणामुळे पडला.

भाची: तेच म्हणते मी. तुम्हाला इक्वेडोर कळलं कारण इक्वेडोरने तुमचा भाव पाडला. ज्या देशाने तुमचं काही बिघडवलं नाही तो तुम्हाला कधीच कळणार नाही. कारण असेल तरच ओळख, असं ठेवलं तर ओळखी सगळ्या बाजारातल्या होतात, नाही तर युद्धातल्या. अक्षराला कुणाशी देणंघेणं नसतं. ते कुठेही नेऊन सोडतं.

मामा: नेऊन सोडतं खरं. पण परत काय आणतं?

भाची: लोणावळ्याला गाडी पोचते ना, तेव्हाचं सांगते. शेवटचं स्टेशन, ल. नऊ देश आहेत. लाओस, लाटव्हिया, लायबेरिया, लिबिया, लिथुआनिया, लिश्टनस्टाइन, लक्झेंबर्ग, लेबनॉन, लेसोथो. इंग्रजीतही हेच नऊ, फुटाफूट नाही. त्यातल्या चारांना समुद्र नाही, आणि लिश्टनस्टाइनच्या तर शेजाऱ्यांनाही नाही. प्रत्येक पोराला एक देश दिला, घरून माहिती आणा म्हटलं. ज्या मुलीच्या वाट्याला लेसोथो आला ती तोंड वाकडं करून गेली.

लेसोथोबद्दल दोन वाक्यं मी मध्ये घालतो. हा देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे, बाहेर पडायला दुसरा शेजारीच नाही. सगळा डोंगराळ, त्याची सर्वांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या लोहगडाच्या माथ्यापेक्षा उंच.

भाची: ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली ती बोलतच आली. बाई, त्यांच्याकडे पण धरण आहे. बाई, त्यांचं पण पाणी शहरात जातं. डोंगरात धरणं बांधलीत, काट्से नावाचं मोठं आहे, १८५ मीटर उंच. तिथून ऐंशीएक किलोमीटरचे बोगदे काढून पाणी दक्षिण आफ्रिकेत सोडतात. जोहान्सबर्गच्या भागातले कारखाने, घरं त्यावर चालतात. मामा, त्या पोरीचं घर पवनेच्या काठाला आहे.

मामांची कात्री थांबली. पवन मावळात पाणी हा विषय कुणीही सहज काढत नाही. पवना धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढच्या पिढीपर्यंत आला. धरणाचं पाणी नदीतून वाहत येतं आणि रावेतला ते पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं तेव्हा नदीकाठचे शेतकरी म्हणाले, मग नदीत काय उरणार? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. वर्गातली पोरं त्यानंतर जन्मली आहेत, पण ती तारीख त्यांना पाठ करावी लागत नाही.

मामा: लेसोथोला त्या पाण्याचं काय मिळतं?

भाची: पैसे. पाण्याबद्दल स्वामित्वधन मिळतं, दरसाल. १९८६ मध्ये दोन देशांत करार झाला, १९९८ पासून पाणी सुरू आहे. सोबत थोडी वीजही तयार होते, ती लेसोथोची.

मामा: हिशेब कसा करतात? लिटरमागे?

भाची: तेच मजेशीर आहे. दक्षिण आफ्रिकेने हेच पाणी आपल्याच हद्दीतून, खालच्या अंगाला नदीतून उपसून नेलं असतं तर खर्च किती आला असता ते काढलं. लेसोथोतून आणायला किती लागतो तेही काढलं. डोंगरातून उताराने येतं म्हणून हे स्वस्त पडतं. जी बचत झाली ती वाटून घेतली. शंभरातले ५६ लेसोथोला, ४४ दक्षिण आफ्रिकेला.

मामा: (बराच वेळाने) उताराचे पैसे.

भाची: उताराचे पैसे.

मामा: मग तिथली माणसं सुखात असतील.

भाची: नाही मामा. जमिनी तिथंही गेल्या, भरपाईवरून तक्रारी तिथंही आहेत. आणि करार झाला तेव्हाचा काळ बघा. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण आफ्रिकेने सीमा आवळून लेसोथोची कोंडी केली होती, तिथलं सरकार लष्कराने उलथलं आणि नव्या लष्करी सरकारने सही केली. पण देश असल्यामुळे निदान सहीला बसवावं तरी लागलं.

मामा: आणि आपण तालुका.

भाची: आपण तालुका.

मामा: पण तुझं अक्षर इथं कामाला आलं असं मी म्हणणार नाही. कामाला आली ती नदी. पोरीचं घर पवनेच्या काठी आहे म्हणून तिला लेसोथो लागला. तोच देश तळेगावच्या सोसायटीतल्या पोराला दिला असता तर तो टोप्या आणि घोंगड्यांचे फोटो चिकटवून आला असता.

भाची: आला असता. मी कुठं नाही म्हणते? पण पवनेच्या काठच्या पोरीला लेसोथो द्यावा हे कोणाला सुचणार होतं? मला? मला तरी कुठं ठाऊक होतं? पुस्तकात लेसोथो एका ओळीचा आहे. नकाशात बघायला गेलं तर तो दक्षिण आफ्रिकेच्या पोटातला ठिपका. तुमच्या कारणांच्या वाटेने मी केनियापर्यंत पोचले असते, फार तर. लेसोथोला मला ल घेऊन गेला.

मामा: चिठ्ठी काढल्यासारखं.

भाची: चिठ्ठीच. पण चिठ्ठी काढली की सगळ्यांची नावं डब्यात घालावी लागतात.

यावर मामांनी उत्तर दिलं नाही, म्हणजे पटलं असं नव्हे. त्यांनी वीस दांड्यांची जुडी बांधली, कागद गुंडाळला, ती कोल्ड स्टोरेजच्या बाजूला सरकवली आणि पुढची ओढली. मग एकदम आठवल्यासारखं विचारलं.

मामा: शेकडेवारी कितवीत असते गं?

भाची: असते की, वरच्या वर्गात. का?

मामा: आंबा विकत घेतला, पेरू विकला, असली गणितं घालू नका त्यांना. हे छप्पन-चव्वेचाळीस घाला. फक्त आकडे आपल्या धरणाचे घ्या.

भाची: आपल्या धरणाचे आकडे मला कोण देणार मामा?

मामा: तू मागू नकोस. नोकरी आहे तुझी. पोरांना अर्ज लिहायला शिकव, त्यांना मागू दे. अर्जलेखन आहेच की मराठीच्या पेपरात.